जुने चित्रपुस्तक मुलांसोबत वाचताना

लहान मुलांच्या हाती जुने चित्रपुस्तक देणे ही एक गोष्ट आणि ते पुस्तक त्यांच्यासोबत चटईवर बसून पान-पान वाचणे ही दुसरी गोष्ट होय. पहिली गोष्ट आपण सहज करतो. सुटीच्या दिवशी मुले घरात गोंधळ घालू लागली की कपाटातले काहीतरी काढून त्यांच्यापुढे टाकतो आणि आपण वर्तमानपत्र उघडतो. दुसरी गोष्ट करायला वेळ लागतो, आणि वेळेपेक्षाही अधिक तयारी लागते. कारण जुन्या पुस्तकातील चित्रे मुलांना असे काही प्रश्न विचारायला लावतात की ज्यांची उत्तरे बापाजवळ किंवा आईजवळ तयार नसतात. प्रस्तुत लेखात अशाच एका पुस्तकाविषयी, आणि त्या अनुषंगाने एकूणच चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याच्या रीतीविषयी चार गोष्टी मांडण्याचा विचार आहे.

१९७९ हे साल आपल्या वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा पहिला खंड त्याच वर्षी प्रसिद्ध केला. ते जाडजूड खंड आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. आणि त्याच वर्षी अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ या मालिकेत बाबासाहेबांवरचे चित्रचरित्र निघाले. लेखन एस. एस. रेगे यांचे आणि चित्रे दिलीप कदम यांची. ही मालिका १९६७ साली सुरू झाली होती. म्हणजे राजे, देव, ऋषी, संत यांच्या मागोमाग बाबासाहेब त्या रंगीत पानांत यायला बारा वर्षे लागली. आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या होत्या. ज्या घरांमध्ये हे पातळ पुस्तक आले, त्यांपैकी अनेकांना ती बातमी ताजी होती, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

पासष्ट वर्षांचे आयुष्य आणि जेमतेम बत्तीस पाने. बँकेत काम करणाऱ्या माणसाला असा हिशेब लगेच दिसतो. एका पानाच्या वाट्याला सरासरी दोन वर्षे येतात. तेव्हा पुष्कळ काही गळणारच. चित्रपुस्तकाची अडचण तीच आणि गंमतही तीच. एका चौकटीत मुलगा शाळेत बसलेला, पुढच्या चौकटीत तो तरुण होऊन बोटीवर चढलेला. मधली वर्षे कुठे गेली? ती दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत गेली. ती पट्टी मूल आपल्या मनाने भरते, आणि ते काय भरते हे सोबत बसल्याशिवाय आपल्याला कळत नाही. म्हणूनच सोबत बसावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. बाबासाहेबांच्या कोणत्याही चित्रचरित्रात पाण्याचे पान असते. ते आले की आपल्याकडचे पुष्कळ पालक दोन पाने एकदम उलटतात. मी हे अनेक घरी पाहिले आहे. त्यामागचा हेतू वाईट नसतो. ‘पोरगा सात वर्षांचा आहे, कॉन्व्हेंटमध्ये जातो, सगळ्यांसोबत डबा खातो, त्याच्या डोक्यात आत्तापासून हे कशाला?’ असा तो विचार असतो. दुसरीकडे काही पालक नेमके तेच पान उघडून, आवाज चढवून, मूल रडेपर्यंत वाचतात. माझ्या मते दोन्ही रीती बरोबर नाहीत. पान गाळले तर मूल ते एकट्याने पाहतेच, कारण मुलांना नेमके गाळलेलेच पान हवे असते. आणि रडवले तर मुलाला वाटते की आपण म्हणजे ज्यांना पाणी मिळत नाही ते. बाबासाहेबांनी जे जन्मभर पुसून काढले, तेच आपण त्याच्या पाटीवर पुन्हा लिहून ठेवतो.

मग वाचावे कसे? त्यासाठी आधी आपण स्वतः मूळ हकीकत वाचली पाहिजे. ती बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटेखानी आत्मकथनात्मक लेखन १९३५-३६ च्या सुमारास लिहिले गेले; पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने काढले आणि पुढे १९९३ मध्ये शासनाच्या बाराव्या खंडातही त्याचा समावेश झाला. त्यातील पहिली हकीकत १९०१ सालची आहे. सुभेदार रामजी त्या वेळी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात रोखपाल म्हणून नोकरीवर होते. (रोखपाल म्हणजे आमच्याच काउंटरवरचा माणूस, ही गोष्ट मला नेहमी जवळची वाटते.) सुटीत मुलांनी वडिलांकडे जायचे ठरले. छोटा भीम, त्याचा मोठा भाऊ आणि एक भाचा असे तिघे साताऱ्याहून आगगाडीने निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांचा माणूस न्यायला आलेला नव्हता, कारण मुलांचे पत्र वडिलांच्या नोकराने त्यांच्या हाती दिलेच नव्हते.

येथे थांबून मुलांना एक विचारावे: चित्रात या मुलांचे कपडे कसे आहेत? दुःखाचा प्रसंग आला की चित्रकाराचा हात सवयीने फाटके कपडे काढतो. पण बाबासाहेब आपल्या हकीकतीत आवर्जून सांगतात की त्या दिवशी सर्वांच्या अंगावर प्रवासासाठी घेतलेले नवे कपडे होते, जरीच्या टोप्या होत्या, रेशीमकाठी धोतरे होती, पायांत नवे जोडे होते. स्टेशनमास्तर आपण होऊन चौकशीला आला, कारण पोशाखावरून त्याला ती मुले ब्राह्मणाची वाटली. मग त्याने जात विचारली आणि छोट्या भीमने काही न लपवता ‘महार’ म्हणून सांगून टाकले. त्या एका शब्दासरशी समोरच्या माणसाचा चेहरा बदलला. मुले तीच, कपडे तेच, प्लॅटफॉर्म तोच. बदलला तो फक्त स्टेशनमास्तर.

सात-आठ वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगता येते आणि त्याला ते चांगले कळतेही. दोष मुलात नव्हता, पाहणाऱ्यात होता, हे कपड्यांवरून त्याला आपोआप दिसते. त्यासाठी भाषण द्यावे लागत नाही. चित्रात कपडे फाटके असतील तर आणखीच बरे. ‘बाबासाहेब स्वतः काय सांगतात आणि चित्रकाराने काय काढले?’ असा ताळा घेण्याची सवय मुलांना लागते. छापलेले सगळे खरे असते असे नाही, ही शिकवण कोणत्या वयात दिली तरी लवकर ठरत नाही.

पुढचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. कोणीही गाडीवान त्यांना गाडीत बसवायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. निरनिराळ्या चरित्रांतून हा प्रसंग थोड्याफार फरकाने येतो, तेव्हा मुलांनी दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहिली तर हरकत नाही. सोबत मामुली नव्हे, चांगला भरपूर डबा होता. पण पाणी नव्हते. वाटेत जकातनाक्यावर, मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागण्याचा प्रयत्न झाला, तोही फसला. डबा तसाच राहिला आणि मुले उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या मुक्कामी पोहोचली.

या ठिकाणी मुले हमखास एक प्रश्न विचारतात. आमच्या विहारातील रविवारच्या वर्गात एका मुलीने तो आपल्या बोलीत विचारला होता: “डब्बा होता तं मंग जेवले काहून नाही?” मोठ्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही. कोरडी भाकर घशाखाली उतरत नाही, हे तिला एप्रिल महिन्यात चंद्रपुरात वेगळे सांगावे लागले नाही. वर्गातल्या दुसऱ्या मुलानेच सांगितले की पाण्याशिवाय घास अडकतो. आमच्या भागात उन्हाचा पारा किती चढतो हे वाचकांना माहीतच आहे. तहान म्हणजे काय ते येथल्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

दुसरा हमखास येणारा प्रश्न अधिक अवघड: “आताही असं होते का?” याचे उत्तर ‘नाही’ असे देऊ नये आणि ‘होय, सगळीकडे’ असेही देऊ नये. खैरलांजी आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहे आणि ती घटना २००६ सालची आहे. पण ती सात वर्षांच्या मुलाला सांगण्याची गोष्ट नव्हे. त्या वयाला इतके पुरेसे आहे की असे वागणे आता कायद्याने गुन्हा आहे, तो कायदा ज्या संविधानावर उभा आहे त्याचा मसुदा याच गाडीतल्या मुलाने मोठेपणी तयार केला, आणि तरीही काही माणसे तसे वागतात. तसे कोणी वागले तर घरी येऊन सांगायचे. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाकीचे सांगावे, आणि ते आपणच सांगावे, नाहीतर ते मोबाइल सांगतो.

हे झाले पाण्याच्या पानाचे. पण एका पानावर पुस्तक संपत नाही, आणि संपवूही नये. महाडचे पान त्याच बैठकीत वाचावे. १९०१ सालच्या तहानलेल्या मुलाने २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, या दोन चित्रांमध्ये सव्वीस वर्षे आहेत. मुलांना बोटांनी पाने धरायला सांगावे: एक बोट गाडीच्या चित्रावर, एक बोट तळ्याच्या चित्रावर. मधली पाने किती जाड आहेत ती हाताला लागतात. त्या पानांत साताऱ्याची शाळा आहे, जिथे बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपाई नसला तर पाणी नसे. मुंबई आहे, न्यूयॉर्क आहे, लंडन आहे. ७ नोव्हेंबर १९०० ही साताऱ्याच्या त्या शाळेतील प्रवेशाची तारीख. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. शिक्षक मंडळींना त्या दिवशी हे पुस्तक वर्गात नेण्याची आयती संधी आहे.

आता चित्रांकडे थोडे अधिक बारकाईने पाहू. जुन्या रंगीत चित्रकथांची एक खोड सर्वश्रुत आहे. नायक गोरा, नायिका त्याहून गोरी; राक्षस काळा, नोकर काळा, चोर काळा. आणि जंगलातला माणूस असला की त्याच्या डोक्याला पिसे, गळ्यात हाडे, हातात भाला, तोंडी अर्धवट भाषा. १९६४ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९० मध्ये बंद पडलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ आमच्या पिढीचा फार लाडका होता. त्याच्या भोवतीचे जंगलातले बुटके लोक त्याच्या तालावर नाचत आणि आम्हालाही त्यात काही वावगे वाटत नसे. आज तेच पुस्तक एटापल्ली किंवा भामरागडच्या आश्रमशाळेत उघडले तर वर्गात बसलेल्या माडिया मुलाने त्या चित्रात स्वतःला कुठे शोधायचे? त्याच्या घरचे लोक जंगलात राहतात आणि जंगल राखतात. त्याच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. ग्रामसभेत बसून कागद वाचणारी, हरकत घेणारी ती माणसे आहेत. चित्रातला भालेवाला कोणाला दिसला होता, देव जाणे.

म्हणून अशी पुस्तके फेकून द्यावीत असे माझे म्हणणे नाही. ती ठेवावीत, वाचावीत आणि मुलांना मोजायला लावावे. मुलांना मोजायला फार आवडते. या पुस्तकात गोरे चेहरे किती, काळे किती? बोलणाऱ्या बायका किती? संवादाचे फुगे पुरुषांचे किती आणि बायकांचे किती? बाबासाहेबांवरील चित्रपुस्तक घेऊन हाच प्रयोग केला तर भीमाबाई आणि रमाई किती चौकटींत येतात आणि किती चौकटींत बोलतात, हे मुलींच्या लक्षात येते. वर्गातील मुलींनी हे मोजल्यावर त्यांच्यात जी चर्चा झाली, ती आम्हा मोठ्यांच्या कितीतरी परिसंवादांपेक्षा बरी होती, असे येथे नमूद करावेसे वाटते.

याच संदर्भात एका नव्या पुस्तकाचा उल्लेख केल्याशिवाय जुन्याचे मोल कळणार नाही. २०११ मध्ये दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ हे चित्रचरित्र इंग्रजीत काढले. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दांपत्य मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत होत. परधान समाज आपल्या चंद्रपूर-यवतमाळकडेही आहे. गोंडांच्या वंशकथा गाऊन जपणारे ते लोक. दुर्गाबाईंना पुढे २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या गोंडांचा किल्ला आणि परकोट आपण चंद्रपुरात रोज ओलांडतो, त्यांच्याच नातेसंबंधातील कलेने बाबासाहेबांचे चरित्र रंगवावे, ही गोष्ट आपल्या दोन जिल्ह्यांतील वाचकांना विशेष वाटली पाहिजे.

त्या पुस्तकात चौकटी नाहीत. माणसांना खोक्यात कोंबायचे नाही, अशी या चित्रकारांची भूमिका. भिंतीवर आणि अंगणात काढायच्या ‘डिगणा’ या नक्षीच्या वळणांनी पान विभागलेले असते. आगगाडी सापासारखी वळत जाते. मुलांना सर्वांत आवडते ते संवादाच्या फुग्यांचे: मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातला विचार असेल तर तेथे डोळा काढलेला. ज्याला अजून अक्षरे जुळवता येत नाहीत असे बालवाडीतले मूलही नांगी पाहून सांगते की हा माणूस वाईट बोलतो आहे. पुस्तकाचे पाणी, निवारा आणि प्रवास असे भाग आहेत. मसूरच्या हकीकतीसोबत बडोद्याला १९१७ मध्ये राहायला जागा न मिळाल्याची, चाळीसगावला १९२९ मध्ये टांग्याला झालेल्या अपघाताची आणि १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून झालेल्या अडवणुकीची हकीकतही येते. मात्र एक सूचना पालकांना अवश्य करीन. या पुस्तकात मधूनमधून अलीकडच्या अत्याचारांच्या बातम्याही आहेत, खैरलांजीची आहे. तेव्हा लहान मुलांसाठी त्यातील चित्रे दाखवून आपल्या शब्दांत सांगावे. सरसकट वाचून दाखवू नये.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की मुलांना कळते की एकच गोष्ट दोन हातांनी दोन तऱ्हांनी काढता येते. १९७९ च्या पुस्तकातली माणसे सिनेमातल्यासारखी, आजूबाजूला खरीखुरी वाटणारी. २०११ च्या पुस्तकातली माणसे बाजूने काढलेली, टपोऱ्या डोळ्यांची, अंगभर रेघांची नक्षी असलेली. तिथे कोण गोरा आणि कोण काळा हा प्रश्न मुलांना सुचतही नाही. माझा स्वतःचा कौल विचाराल तर गोष्टीचा क्रम समजायला जुने पुस्तक बरे, मनात राहायला नवे. पण आमच्या वर्गातील मोठी मुले याच्या उलट मत देतात. त्यांना सापाची आगगाडी बालिश वाटते.

चौकटी नसलेले चित्र हे काही नवे नाही, किंबहुना तीच आपली जुनी रीत. अजिंठ्याला गेलेल्या बांधवांनी सतरावे लेणे पाहिले असेल. वाकाटकांच्या काळात, पाचव्या शतकात, तेथील भिंतींवर जातककथा रंगवल्या गेल्या. एकाच भिंतीवर तोच राजा, तोच हत्ती, तोच शिकारी अनेकदा काढलेला आहे. मध्ये रेघ नाही. झाड, दार किंवा खडक आला की प्रसंग बदलला असे समजायचे. आणि घटना कालक्रमाने न मांडता एका जागी घडलेले प्रसंग एकत्र मांडायचे, अशीही तऱ्हा तेथे दिसते. म्हणजे पाहणाऱ्याला कोणीतरी बोट धरून सांगणारा हवाच. लेण्यात ते काम भिक्खू करीत असतील असे समजायला हरकत नाही. घरी ते काम आपले.

त्यातील षड्दंत हत्तीची कथा आमच्याकडच्या मुलांना विशेष भावते. ती दहाव्या लेण्यातही आहे, आणि तेथील चित्र तर त्याहून कितीतरी शतके जुने आहे. पूर्वजन्मीचा राग मनात धरून राणी शिकाऱ्याला हत्तीचे सुळे आणायला पाठवते. शिकारी काषाय वस्त्र पांघरून येतो. बाण लागलेला हत्ती त्याला चिरडू शकत असूनही त्या वस्त्राकडे पाहून सोडून देतो आणि सुळे कापायला स्वतः साह्य करतो. सुळे पाहताच राणी कोसळते. गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरचा हत्ती कॅम्प ज्यांनी पाहिला आहे, त्या मुलांना हत्तीचा सुळा केवढा आणि त्याचा डोळा केवढा हे ठाऊक असते. शिवाय २०२१ पासून छत्तीसगडकडून रानहत्ती जिल्ह्यात येऊ लागले आणि त्यांनी धानाची नासधूस केली, हेही त्यांनी घरी ऐकलेले असते. त्यामुळे ‘हत्तीने शिकाऱ्याला सोडले’ या वाक्यावर ती मुले लगेच मान डोलावीत नाहीत. एकाने स्पष्टच सांगितले की आमच्याकडचा हत्ती सोडत नाही. मग करुणा म्हणजे काय, ताकद असूनही न मारणे म्हणजे काय, यावर बोलणे सुरू होते. शहरातल्या मुलाला हा वाद सुचणार नाही.

अजिंठा दूर आहे, सर्वांना परवडत नाही. पण भद्रावतीच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणी चंद्रपूरहून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहेत. तेथे रंगचित्रे नाहीत. लांब बोळासारख्या लेण्यांच्या टोकाला कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. पुस्तकातले चित्र पाहून मुलांना तेथे नेले तर ‘पुस्तकातला बुद्ध’ आणि ‘दगडातला बुद्ध’ यांची ती आपोआप तुलना करतात. सोबत टॉर्च न्यावी.

चित्र दाखवून कथा सांगण्याची लोकपरंपराही महाराष्ट्रात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतील एकेक सुटे चित्र हाती धरून, वाद्यांच्या साथीने गाऊन कथा सांगत. परशुराम गंगावणे यांना या परंपरेच्या जतनासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ते चित्र प्रेक्षकांकडे तोंड करून धरले जाते; सांगणाऱ्याला ते पाठ असते. विहारात तीस मुले असली की आपल्यालाही असेच करावे लागते. पुस्तक उलटे, मुलांकडे तोंड करून धरायचे, म्हणजे मजकूर आपल्याला आधी पाठ पाहिजे. घरी दोन-तीन मुले असतील तर मात्र पुस्तक मांडीवर आणि मुले दोन्ही बाजूंना. पहिल्या खेपेला मजकुरावर वहीचा कागद ठेवून झाकावा आणि केवळ चित्रावरून गोष्ट सांगायला लावावी. दुसऱ्या खेपेला कागद काढून वाचावे. जी आजी शाळेत गेलेली नाही, तीही पहिल्या खेपेत नातवाच्या बरोबरीने भाग घेऊ शकते.

आजीवरून एक महत्त्वाची गोष्ट. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला, हे चित्र सगळीकडे असते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला येऊन येथील जनतेला दीक्षा दिली. मी पाहिलेल्या चित्रचरित्रांत हे चित्र कुठेच नाही. बत्तीस पानांत ते बसले नसेल, हे समजू शकते. पण आपल्या मुलाने “आपलं चांदा कुठाय यात?” असे विचारले तर गप्प बसू नये. त्या दिवशी त्या मैदानावर आईच्या बोटाला धरून उभी असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. अशा आजी-आजोबा मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या भागांत अजून आहेत. कोण बैलगाडीने आले, कोण पायी, शिदोरीला काय बांधले होते, पांढरे लुगडे कुठून मिळवले, हे त्यांना विचारून घ्यावे. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. तेव्हा ही सगळी माणसे एकाच चांदा जिल्ह्याची होती, हेही त्या ओघात मुलांना कळते.

आमच्या वर्गात हे राहिलेले पान मुलांकडूनच काढून घेतले. चित्रकलेच्या वहीचा एकेक कागद आणि खडूचे रंग दिले. आजीआजोबांना विचारून या, मग काढा, एवढीच अट होती. एकाने पानभर बैलगाड्याच काढल्या, बाबासाहेब कोपऱ्यात नखाएवढे. एका मुलीने पाण्याचा रांजण काढला आणि त्याभोवती सगळ्या बायका. तिच्या आजीला भाषणातले काही ऐकू आले नव्हते, लहानग्यांना पाणी पाजताना वेळ गेला, एवढेच तिला आठवत होते. आलापल्लीहून येथे शिकायला आलेल्या एका गोंड मुलाने मैदानाच्या कडेने मोहाची झाडे काढली. तेथे मोह होता का, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी झाडे राहू दिली.

ज्यांना घरी असे पान करून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी. ही जुनी पुस्तके पिनेवर शिवलेली असतात. पिनेला गंज चढतो आणि मधले पान सुटते. तेथे चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि खालची शाईही घेऊन निघते. गंजलेली पीन हलक्या हाताने काढून जाड सुताने दोन टाके घालावेत. वरून खाकी कागदाचे कव्हर घालावे, प्लॅस्टिकचे नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या आत ओल धरते. वाळवी भिंतीकडून येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे. मुलांनी काढलेले पान पुस्तकात खळीने चिकटवू नये. खळीला कसर लागते आणि पुस्तक फुगून शिवण तुटते. एक लिफाफा करून तो मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस ठेवावा आणि चित्रे त्यात सुटी ठेवावीत. चित्राच्या मागे पेन्सिलीने मुलाचे नाव, तारीख आणि ज्या आजीने किंवा आजोबांनी सांगितले त्यांचे नाव व गाव लिहून ठेवावे.